मधली फळी गावाबाहेर

ग्रामपंचायत होती तोवर आम्हा बायकांना वर्षातून चारदा तरी हक्काने भांडता यायचं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. झेंडावंदन आटोपलं की ग्रामसभा. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम. तो पुष्कळदा रजिस्टरातच पाळला जायचा. सही ठोकून घरी पळणारेही कमी नव्हते. पण ज्याला बोलायचं तो उठून सगळ्यांदेखत विचारू शकत होता, आमच्या गल्लीतली नाली कुठवर आली म्हणून. उत्तर मिळो न मिळो, याने विचारलं हे गावाला कळायचं.

2014 च्या सुमारास राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं आणि विदर्भातलं आमचं झरी जामणी हे गाव शहर झालं. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, वॉर्डांचे झाले सतरा प्रभाग. घरकुलाची रक्कम वाढली, निधीही वाढला, हे नाकारायचं कारण नाही. ग्रामसभा मात्र गेली. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, नागरिकाला तिथे बोलायचा हक्क नाही. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असतात. पण राज्यघटनेने त्या बंधनकारक केल्या आहेत 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या ठिकाणी. आमच्यासारख्यांना घटना ‘ग्रामीणाकडून शहराकडे जाणारं क्षेत्र’ म्हणते. म्हणजे आम्ही वाटेतच. गावाची सभा मागे राहिली, शहराची समिती पुढे, आणि आम्ही मध्ये कुठेतरी पिशवी घेऊन उभे.

मी बचत गटाचं काम करते. स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजनेच्या काळात गट काढला, महिन्याला वीस रुपये टाकायचो. पुढे शहर झाल्यावर तेच गट नागरी उपजीविका अभियानात आले. गटाच्या निमित्ताने नाली, नळ, संडास, कचरा, दारू अशी सगळीच कामं अंगावर येत गेली. बायका जमल्या की कर्जाच्या हप्त्यावर दहा मिनिटं आणि पाण्यावर तासभर, असंच चालतं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे, आणि ती ऐकून आमच्याकडचे काही लोक रागावतात. या गावाची सुधारणा साठीच्या पुढच्यांनी आणि अठराच्या आतल्यांनी केली आहे. मधली फळी गावात नसते. काही चाकणला, काही हैदराबादला, काही वणीच्या कोळशाच्या पट्ट्यात, काही हंगामात मिरची तोडायला तेलंगणात. आणि जे गावात आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांना निवडणूक लढवायची असते. सतरा प्रभाग, मतदार मोजके. एकेका प्रभागात एवढी कमी घरं की चुलत्या-पुतण्यातच लढत लागते. असा माणूस नालीच्या कामाला आला की लोक आधी विचारतात, हा उभा राहणार आहे का. मग तो प्रामाणिक असला तरी त्याच्या फावड्याकडे कोणी सरळ नजरेने पाहत नाही. म्हाताऱ्याला आणि शाळेच्या पोराला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आमच्याकडे म्हाताऱ्यांची फळी तयार होती ती गुरुदेव सेवा मंडळामुळे. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. हे मंडळ तुकडोजी महाराजांचं; त्यांनी सामुदायिक प्रार्थनेबरोबर ग्रामसफाई लावून दिली. 30 एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, तो आम्ही ग्रामजयंती म्हणून साजरा करतो. त्या दिवशी भगवी टोपी घातलेले चार-दोन बुढे झाडू घेऊन निघतात. खंजिरी वाजते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी कचरा जागेवर. मला सुरुवातीला याचा वैताग यायचा. पण पुढे ज्या ज्या कामाला माणूस लागला, तिथे हीच टोपी आधी उभी दिसली.

संडासांचंच घ्या. स्वच्छ भारत अभियान 2014 मध्ये आलं. शहरी भागात केंद्राचे 4 हजार, राज्याचे 8 हजार, शिवाय स्थानिक पातळीवरची भर, असं अनुदान होतं. पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला गुड मॉर्निंग पथक शिट्ट्या वाजवत फिरायचं. 2017 च्या गांधी जयंतीला राज्याचा शहरी भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. घोषणा झाली तेव्हा मला आमच्याच वस्तीतले काही संडास आठवत होते, ज्यांत पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या. कापसाचं पीक निघालं की पऱ्हाट्या वर्षभर चुलीला लागतात, आणि पावसाळ्यात त्या कोरड्या ठेवायला सिमेंटची एवढी चांगली खोली दुसरी नव्हती.

पथकातल्या एकाने एका आजीला त्यावरून झापलं. ती म्हणाली, “संडास बांधला बाप्पा, पर पानी कोन आनून देईन? तुहा साहेब?” त्यानंतर आम्ही घरोघर दुसराच प्रश्न विचारायला लागलो: पाणी कोण भरतं आणि कुठून? सून भरत असेल तर सासऱ्याच्या संडासाला दोन बादल्या जास्त वाहून नेणं म्हणजे काय, हे कुठल्याही पोस्टरवर नव्हतं.

दुसरी अडचण खड्ड्याची. सरकारी नकाशात दोन शोषखड्ड्यांचा संडास होता. एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्याचं खत होतं. कागदावर सुरेख. आमच्याकडे वरचा थर काळ्या मातीचा; ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी घेत नाही. पहिल्याच श्रावणात खड्डे तुंबले, घाण वर आली, आणि ‘सरकारी संडास खराब’ हे गावभर झालं. ठेकेदाराच्या माणसाने वापरणाऱ्यांनाच दोष दिला. तेव्हा वस्तीतला एक म्हातारा, जन्मभर विहिरी खांदलेला, काठी टेकत आला. खड्ड्याच्या कडेची माती बोटाने चोळली, थोडी जिभेला लावली. “कायी माती पावसायात पानी घेत नाई. मुरूम लागेपरेंत खांदा, मंग पाहा.” आणि बोट दाखवून सांगत गेला, या आळीत मुरूम कमरेवर लागते, पलीकडे छातीवर, शाळेमागे तर लागतच नाही, तिथं टाकीवाला संडास बांधा. विहिरीपासून खड्डा लांब ठेवा, हेही त्यानेच बजावलं. सातवी-आठवीतली दोन पोरं त्याच्याबरोबर वही घेऊन फिरली. त्या वहीप्रमाणे खांदलेले खड्डे पुढच्या पावसाळ्यात तुंबले नाहीत. त्या म्हाताऱ्याचं नाव कुठल्याच अहवालात नाही. त्यालाही त्याचं काही नव्हतं. त्याला बिडी मिळाली की झालं.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या पट्ट्याचं खरं दुखणं ते आहे. पांढरकवडा, झरी या भागात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलीग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या भागात काही बोअरचं पाणी याच्या कितीतरी वर जातं. दिसायला स्वच्छ, चवीला बरं, वास नाही. परिणाम दिसतो तो पोरांच्या दातांवर: आधी पांढरे ठिपके, मग पिवळे-तपकिरी पट्टे. पक्के दात हिरडीखाली घडत असतात तेव्हाच डाग बसतो. नंतर कितीही घासा, जात नाही. फार वर्षं असं पाणी पोटात गेलं की हाडं धरतात, मान वळत नाही, पाय वाकतात. आमच्या वस्तीतल्या मुली हसताना ओढणी तोंडाशी नेतात. स्थळ पाहायला आलेल्यांना वाटतं लाजली.

हे कधीपासून? म्हाताऱ्या बाया सांगायच्या, आमच्या वेळी असे दात नव्हते. लोक हसण्यावारी न्यायचे. म्हाताऱ्यांना जुनं सगळं चांगलंच वाटतं. पण त्या बरोबर होत्या. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर बोअर आणि हातपंप आले. बायकांची पायपीट वाचली, नारू-हगवणीसारखे उघड्या पाण्याचे आजार कमी झाले. त्या हातपंपाला मी नावं ठेवणार नाही. पण बोअर जितकी खोल, तितकं पाणी खडकात जास्त मुरलेलं, आणि आमच्या खडकात फ्लोराइड. आज्यांची पिढी उथळ विहिरीचं पाणी प्यायली. त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला बोअर आली.

शाळेतल्या एका शिक्षिकेने मुलांकडून बाटल्यांत पाणी आणवलं, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: कोणाची बोअर, कुठली विहीर. आम्ही त्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. कागद आला तेव्हा ज्या हातपंपावर सगळ्यात जास्त गर्दी असायची, तोच सगळ्यात वाईट निघाला. आणि जी विहीर आम्ही कचरा टाकून बुजवत आणली होती, तिचं पाणी फ्लोराइडच्या बाबतीत चांगलं.

मग वाद पेटला. मधल्या वयाच्या लोकांना आणखी एक बोअर हवी होती, जास्त खोल. कोणी म्हणालं, पाणी उकळून प्या. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही; उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड दाट होतं. नागपूरच्या नीरीने 1970 च्या दशकात काढलेली नालगोंडा पद्धत आहे: तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर घालून ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. आम्ही ती बादलीत करून पाहिली. जमते. पण कापूस वेचून संध्याकाळी आलेल्या बाईने रोज मापाने तुरटी-चुना घालून तासभर थांबायचं, हे व्हायचं नाही आणि झालं नाही. आता आरओची कॅन मिळते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो घेतो. मजूर घरातलं पोरगं शाळेतून येताना जवळच्या हातपंपाला तोंड लावतं.

शेवटी विहीर उपसायचं ठरलं, ते आज्यांनी लावून धरलं म्हणून. भगव्या टोप्या आल्या. गाळ काढायला मोटर एकाने दिली, डिझेल वर्गणीतून. प्लास्टिक, तुटक्या चपला, गणपतीच्या मूर्तींचे तुकडे, एक सायकलचं चाक निघालं. तळाला हात लागला तेव्हा एका आजीने वरून आवाज दिला, “पूर्वेच्या कोपऱ्यात पाय नको देऊ, झरा तिथं आहे.” खाली उतरलेल्या पोराला काहीच दिसत नव्हतं. त्याने दगड हलवला आणि पाणी बुडबुडत वर आलं. लहानपणी उपसा करताना तिने तो पाहिला होता.

फार फुगवून सांगायला नको. विहिरीचं पाणी उघडं, त्यात ब्लिचिंग पावडर वेळेवर पडली नाही तर जुलाब. ती कोणी टाकायची यावरून काही बायका एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या आहेत. फ्लोराइड जास्त म्हणून लाल रंग दिलेल्या हातपंपाचं पाणी भांडी धुण्यापुरतं, असं ठरलं. तरी माणसं पितात. पहिलीतल्या पोरांचे पुढचे दात अजून यायचे आहेत. काय झालं ते तेव्हा कळेल.

मधल्या पिढीला मी एवढं बोलले, तर त्यांचा एक उन्हाळाही सांगायला हवा. 2020. टाळेबंदी लागली आणि नागपूर-हैदराबाद रस्त्याने, पाटणबोरी-पांढरकवड्याकडून, माणसं चालत येऊ लागली. आमची पोरं आली, मिरचीवर गेलेल्या जोड्या आल्या. शाळेत 14 दिवस ठेवलं, आम्ही गटातून डबे पोहोचवले. नंतर घरी गेली ती महिनोन्महिने घरीच. गावात एकाच वेळी आजा, बाप आणि पोरगा, असं चित्र मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. पहिले काही दिवस पत्ते आणि मोबाइल. मग उन्हाळ्याचं पाणी पेटलं. शेवटच्या गल्लीला नळ येईना.

त्यांतला एक चाकणच्या कारखान्यात फिटर. त्याने विचारलं, पाइपलाइनचा नकाशा कुठे आहे? नकाशा नव्हता. एका कार्यालयात चौकशी केली, तिथून दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. लाइन कुठून जाते हे एकाच माणसाला ठाऊक होतं, वर्षानुवर्षं पाणी सोडणाऱ्या काकाजींना. निवृत्त झालेले, गुडघे गेलेले. पोरांनी त्यांना मोटारसायकलवर बसवलं, तोंडाला रुमाल बांधून गल्लीगल्लीत फिरवलं. ते काठी आपटून सांगत: इथून जाते, इथं वाकते, इथं तीन इंचाची अडीच होते, इथं एक वॉल्व्ह होता. वॉल्व्हच्या जागी सिमेंटचा रस्ता. रस्ता करणाऱ्याने तो तसाच गाडून टाकला होता.

“काकाजी, हे तुमच्याशिवाय कोणालेच माहीत नाही?”

“म्हनूनच फिरवून राह्यला का मले उन्हात?”

नकाशा काढायला मोठा कागद नव्हता, दुकानं बंद. कोणीतरी जुन्या निवडणुकीचा फ्लेक्स आणला. पुढच्या बाजूला हात जोडलेला उमेदवार, मागची बाजू पांढरी. तिच्यावर मार्करने सगळं गाव उतरलं: लाइन निळी, वॉल्व्ह लाल, नाली काळी. दहावीतल्या एका मुलीचं अक्षर चांगलं, म्हणून घरांचे क्रमांक तिने टाकले. नकाशा तयार झाल्यावर दिसलं, की शेवटच्या गल्लीत पाणी न येण्याची कारणं दोन. गाडलेला वॉल्व्ह अर्धा बंद होता. आणि वरच्या गल्ल्यांत नळाला पाणी ओढून घेणारे छोटे टिल्लू पंप लावलेले. नकाशावर मुलीने टिल्लूच्या घरांपुढे फुली मारली. त्यांतली एक तिच्या स्वतःच्या घरापुढे. त्यावरून तिच्या घरी काय झालं ते मी सांगत नाही, पण फुली तिने पुसली नाही.

रस्ता फोडायची रीतसर परवानगी मिळाली, वॉल्व्ह मोकळा झाला. टिल्लू काही दिवस निघाले, काही परत लागले. दसऱ्याच्या आसपास पोरं कारखान्यांत परत गेली. फिटर जाताना मला म्हणाला, “ताई, दर वर्षी उन्हाळ्यात हे वॉल्व्ह एकदा फिरवून पाहा, नाही तर जाम होतात.” कोण फिरवणार, हे त्यानेही विचारलं नाही, मीही नाही. सध्या ती फुलीवाली मुलगी फिरवते. ती वणीला शिकते, सुटीत येते, पाना तिच्या घरी असतो.

2021 च्या डिसेंबरात नगरपंचायतीची निवडणूक आली, तेव्हा मलाही उभं राहायचा आग्रह झाला. निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळे चेहरे शोधत फिरावं लागतं. मी नाही म्हणाले. त्यात मोठेपणा नव्हता. मला दिसत होतं, की अर्ज भरला की दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर माझ्या विरोधातल्या घरच्या बायका येणार नाहीत. इतरत्र निवडून आलेल्या मैत्रिणी आहेत माझ्या. एकीच्या वतीने सगळीकडे नवराच बोलायचा. कार्डावरही तिच्या नावाखाली त्याचाच मोबाइल नंबर. दुसरीने मात्र पहिल्या वर्षीच त्याला बाहेर बसवलं आणि आपल्या प्रभागाचे दिवे, नाली, सगळं वहीत मांडलं. म्हणजे राजकारणात जाऊच नये असं नाही. पण गल्लीत कोणीतरी असं लागतं ज्याला मत नको आहे.

पळसाच्या पत्रावळ्यांचा प्रयोग थोडक्यात सांगते, कारण तो टिकला नाही. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. तोवर शारदा मंडळाच्या महाप्रसादानंतर थर्माकोलच्या ताटांचा ढीग नालीत जायचा. जवळच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, बाया पानं आणायच्या, आमच्या म्हाताऱ्यांना काडीने पान टाचायची सवय होतीच. मंडळाच्या पोट्ट्यांनी दोन वर्षं हौसेने घेतल्या. पुढे कागदी ताटं स्वस्त पडली. त्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो हे सांगूनही. पण पानांसाठी पोडावर जाताना मी त्यांची चावडी पाहिली. बसायची जागा साधी, वर छप्पर. वाद असला की सगळे तिथे. म्हातारे बोलतात, तरणे बोलतात, पोरं आसपास खेळत ऐकतात. निकाल लागायला वेळ लागतो आणि कोणी मध्ये उठून जात नाही. आम्ही शहर होताना हेच सोडून आलो होतो.

तेव्हापासून महिन्यातून एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आम्ही विहिरीच्या ओट्यावर बसतो. त्याला कायद्यात नाव नाही. कोणी अध्यक्ष नाही, सही नाही. ठरलेलं एका वहीत लिहायचं आणि ज्या प्रभागाचा विषय आहे त्या नगरसेवकाला त्याची प्रत द्यायची, एवढंच. नगरसेवक कधी स्वतः येऊन ओट्यावर बसतो. निवडणूक जवळ आली की जास्त वेळा येतो. चाकणची पोरं फोनवरून बोलतात. स्पीकर सुरू केला की म्हातारे फोनकडे तोंड करून ओरडतात, आणि तिकडचं अर्धं ऐकू येत नाही.

सध्या भांडण विहिरीवरच्या जाळीचं आहे. जाळी टाकली तर कचरा आणि पोरं आत पडणार नाहीत, हे सगळ्यांना पटतं. पण आज्यांचं म्हणणं, जाळी पक्की वेल्डिंग केली तर उपसायच्या वेळी कापावी लागेल, म्हणून कडी-कोयंड्याचं झाकण ठेवा. चाकणवाल्यांचं म्हणणं, कडी ठेवली तर किल्ली कोणाकडे हा नवा वाद. वर्गणीचंही अडलं आहे: पोरं म्हणतात फोनवरून पाठवतो, खाजगी खात्यात पैसे नकोत असं म्हातारे म्हणतात, आणि गटाच्या खात्यात घ्यायचे तर ठराव लागतो. वेल्डरने दर सांगून ठेवला आहे, तो दिवाळीपर्यंतच.